यार्डातली तार आणि मेन लाइनची तार

मार्चचा पहिला रविवार, सकाळ. ठिकाण: गोंदियातल्या आमच्या घराची गच्ची. हजर: माझी नणंद, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तिचे दादा, म्हणजे माझे यजमान, सासूबाई, प्लास्टिकच्या खुर्चीवर, उन्हाकडे पाठ करून, आणि मी. सामान: बारीक पोलादी तार, ती कसायला पेचाचा टर्नबकल, चिनी मातीच्या दोन गिट्ट्या, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा, इन्व्हर्टरची बॅटरी, वायरचे दोन तुकडे, मोजपट्टी. यादी मी आदल्या संध्याकाळीच केली होती. एकेक वस्तू जिन्यातून वर येत गेली तशी मी तिच्यापुढे बरोबरची खूण करत गेले.

बॅटरी वर आली तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या.

"काऊन वो, बॅटरी काढली तं पंखा कायवर चालन?"

"लाइन हाय ना आई," यजमान म्हणाले.

"आता हाय. गेली मंग?"

"गेली तं गच्चीवर हवा हाय."

ताई हसली नाही. नणंद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तरी रीतीप्रमाणे मी तिला ताई म्हणते. एरवी घरात सगळ्यात आधी हसणारी तीच. त्या दिवशी ती तारेचं वेटोळं उलगडत होती आणि ओठ न हलवता काहीतरी पाठ म्हणत होती.

तिचं काय अडलं होतं ते आधी सांगते. ताई चिचगडच्या पलीकडे एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. जेवढे तास घेतले तेवढ्याचंच काम, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते पुढच्या वर्षी कळणार. एम.एस्सी. तिनं हे करता करताच केलं. शनिवारी दुपारच्या बसनं गोंदियाला यायचं, आमच्याकडे राहून रविवारभर अभ्यास करायचा, सोमवारी पहाटेची बस धरायची. सगळे पेपर निघाले, ऊष्मागतिकीचा अडकला. त्याची लेखी परीक्षाही शेवटी निघाली. उरलं ते सेमिनार. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहून नेमून दिलेला विषय समजावून सांगायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. अभ्यासक्रम जुना झालेला, ही त्याची शेवटची संधी. यात ती नापास झाली असती तर निघालेले सगळे पेपरही गेले असते आणि नव्या अभ्यासक्रमाला पहिल्यापासून नाव घालावं लागलं असतं. तिकडे आश्रमशाळेला जूनपासून अकरावी विज्ञानाचा वर्ग मिळणार होता. मुख्याध्यापकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: डिग्री हातात आण, भौतिकशास्त्राच्या जागेसाठी तुझं नाव पाठवतो, नसेल तर बाहेरचा माणूस येईल.

"यावेळी नाही झालं तं मी फॉर्म भरणार नाही, वहिनी," ती शनिवारी आल्या आल्या म्हणाली होती. "वय पाहा ना माझं. पोरं हसतील."

कॉलेजात विषयांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. कुणाला वायू आला, कुणाला चुंबक, कुणाला साबणाचा पापुद्रा. ताईच्या चिठ्ठीवर होतं: ताणलेल्या तारेला ऊष्मागतिकीतले विभव लावणे. तिच्या मते सगळ्यात वाईट चिठ्ठी तिच्याच वाट्याला आली होती.

मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. बी.एस्सी.ला हे सगळं मलाही होतं. पण त्यातलं उरलं होतं एवढंच की पानभर अक्षरं असायची आणि प्रत्येकाच्या खाली कोणती राशी स्थिर धरलीय ते बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. म्हणून मी तिला शिकवलं असं कुणी समजू नये. माझं काम सामान जमवणं, वेळ पाळणं आणि चहा. शिकली ती स्वतः. ते मी जवळून पाहिलं, म्हणून लिहून ठेवते आहे.

ताईची अभ्यासाची एक पद्धत आहे आणि ती मला फार आवडते. समीकरण लिहून झालं की ती वही बंद करते आणि त्यातलं प्रत्येक अक्षर बोटानं हवेत दाखवते. हे वाढलं, हे कमी झालं, हे कुणी धरून ठेवलंय. एखादं अक्षर हवेत दाखवता आलं नाही तर ती पुढे जात नाही. आश्रमशाळेतल्या पोरांना ती असंच शिकवते. दोरी, बादली, सायकलचं चाक, जे हाताशी असेल ते घेते. या पद्धतीत वेळ फार जातो. लेखी परीक्षेत ती दोनदा त्यामुळेच मागे पडली असं माझं मत. पण तिनं पद्धत सोडली नाही.

शनिवारी संध्याकाळी तिनं वायूचं समीकरण घेतलं आणि दाबाच्या जागी ताण, आकारमानाच्या जागी लांबी घातली. पुस्तकात लिहिलंच होतं की तसं करायचं. मग वही बंद करून हवेत बोट फिरवायला लागली आणि थांबली.

"वहिनी, हे उलटं होऊन राहिलं."

"काय?"

"वायू फुगला तर तो बाहेरच्याला ढकलतो. त्याची ऊर्जा खर्च होते. म्हणून तिथं वजा. तार लांब झाली तर कुणीतरी तिला ओढलं. ऊर्जा तिच्यात आली. मग इथं अधिक पाहिजे ना?"

तिनं वही उघडून वजाचं चिन्ह एका रेघेनं खोडलं आणि शेजारी अधिक लिहिलं. ती कधी खोडरबर वापरत नाही. चुकलेलं दिसत राहिलं पाहिजे म्हणते. मी तेव्हा पाठ्यपुस्तक उघडून पाहिलं, पुस्तकातही अधिकच होतं. तिनं पाहायच्या आधी ते काढलं होतं.

पण त्याच्या पुढे ती अडकली. विभव एक नाही, अनेक आहेत. विभव म्हणजे काय, तर साध्या भाषेत, दिलेल्या अटींमध्ये जी राशी शक्य तेवढी कमी होऊन थांबते ती. तारेच्या आतली ऊर्जा घ्यायची, तिच्यातून तापमान गुणिले एन्ट्रॉपी, म्हणजे आतल्या अस्ताव्यस्तपणाचं माप, वजा करायचं, झाला एक विभव. त्यातून आणखी ताण गुणिले लांबी वजा करायची, झाला दुसरा. पुस्तकात दोघांनाही त्यांच्या शोधकांची नावं आहेत. पहिला कधी घ्यायचा आणि दुसरा कधी, हे ती पाठ करून सांगू शकत होती. लांबी स्थिर असेल तर पहिला, ताण स्थिर असेल तर दुसरा. पण हवेत बोटानं दाखवता येत नव्हतं. तारेतून ताण गुणिले लांबी वजा कोण करतं? कुठे जातं ते?

"परीक्षक मॅडमनी एवढंच विचारलं तरी मी गेली," ती म्हणाली.

म्हणून रविवारी गच्ची.

मांडणी अशी होती. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी अँगलला एक टोक, कठड्याच्या सळईला दुसरं. दोन्हीकडे चिनी मातीच्या गिट्ट्या, म्हणजे वीज लोखंडात जाऊ नये. मध्ये एका बाजूला टर्नबकल, एका बाजूला हुकाचा काटा, ताण वाचायला. टर्नबकल फिरवून तार घट्ट केली, काट्यावर ताण आला. आता तारेतून बॅटरीची वीज सोडायची. तार गरम होईल, लांबायला बघेल, पण दोन्ही टोकं बांधलेली. म्हणजे लांबी तीच राहणार आणि ताण उतरणार. काट्यावर आकडा खाली यायला पाहिजे. तिच्या समीकरणातली सगळी पुढची वाट या एका गोष्टीवरून जात होती.

यजमान रेल्वेत आहेत. रुळांवरच्या विजेच्या तारांची देखभाल हे त्यांचं काम. त्यामुळे मांडणी त्यांनीच केली, आणि सुरेख केली. गिट्ट्यांची बांधणी, तारेला कुठेही मुरड नाही, टोकाची गाठ अशी की पाहत राहावं. ताई त्यांना सारखी म्हणत होती, "दादा, एवढं नको करू, प्रयोग हाय, लाइन नाही." आणि ते म्हणत होते, "तार ते तार."

बॅटरी जोडली. ताईनं काटा वाचला, वहीत लिहायला वळली. पुन्हा वाचला, पुन्हा वळली. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिचा चेहरा उतरला.

"कमी होत नाही."

"तार गरम झाली का?" मी विचारलं.

तिनं पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब पाहता पाहता उडून गेला. तार चांगली गरम होती. ताण जसाच्या तसा.

बॅटरी काढली, तार निवू दिली, पुन्हा सगळं पहिल्यासारखं केलं, पुन्हा जोडली. पुन्हा तेच. पहिल्यांदा आकडा थोडा खाली आला, ताई लिहायला वळली आणि परत पाहते तर जागच्या जागी.

मग ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली आणि शनिवारचं सगळं पहिल्यापासून करायला लागली. अधिकचं चिन्ह बरोबर होतं का? प्रसरणाचं चिन्ह? मी खाली जाऊन चहा केला, वर आणला, तिचा तसाच निवला. सूर्य चांगला वर आला होता. यजमान टाकीच्या सावलीत पान लावत होते. ताईच्या वहीत खोडलेल्या ओळींवर खोडलेल्या ओळी जमत होत्या.

"मले समजतच नाही, वहिनी," ती शेवटी म्हणाली. "तार ऐकतच नाही तं मी मॅडमले काय सांगू? पुस्तक म्हणते म्हणून?"

"तार कशी ऐकन?" सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "तू लिहून राहिली का हा कसून राहिला."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुहा दादा. दोन्ही डाव. तू वळली का उठला, गरकन फिरवलं, बसला."

ताईनं वही खाली ठेवली. यजमानांच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"दादा. तू हात लावला?"

"ढिली झाली होती ना यार."

"ढिली व्हायलेच पाहिजे होती! तेच तं पाहून राहिलो आपण!"

"मले काय मालूम? तू म्हणाली ताण पाहायचा. ताण गेला होता, म्या आणून देल्ला."

"हात लावू नको म्हणून सांगायचं होतं का तुले?"

"आता सांगून काय? ढिली तार डोळ्यापुढे दिसून राहिली तं मी पान खाऊ? इतक्या वर्सांत कधी सोडून देल्ली नाही."

खरं सांगायचं तर आपण काही वेगळं केलं असं त्यांना वाटलंही नव्हतं. त्यांचा हात गेला होता. लग्नात मांडवाची दोरी ढिली दिसली तरी हा माणूस जेवणाच्या पंगतीतून उठतो, हे मला माहीत होतं. मलाच ते आधी सुचायला हवं होतं. पण माझ्या यादीत वस्तू होत्या, सवयी नव्हत्या.

सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. मलाही हसू आवरेना. मला वाटलं आता ताई चिडणार, कारण सबंध सकाळ गेली होती. ती चिडली नाही. ती उठली, टर्नबकलपाशी गेली आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, तू किती फिरवलं?"

"दोन आटे. दुसऱ्या डावाले तेवढेच."

"म्हणजे तार गरम झाली, लांब झाली, आणि तेवढी लांबी तू ओढून घेतली. ताण तोच ठेवला." ती आता आमच्याशी बोलत नव्हती. बोट हवेत होतं. "ओढून घेतली म्हणजे काम केलं. तेवढ्या ताणानं, तेवढ्या लांबीवर. ताण गुणिले लांबी. वजा कोण करते, वहिनी? दादा करते! दादा बाहेर हाय. मी फक्त तारेचा हिशेब धरला तर दादाचं राहून जाते. तार आणि दादा मिळून जे कमी होऊन थांबते, तो दुसरा विभव."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं, कारण मला पटायला वेळ लागतो. दोन टोकं बांधली आणि कुणी हात लावला नाही, तर बाहेरचं कुणी काम करत नाही. तारेचं तारेपाशी पाहायचं, पहिला विभव. पण कुणी ताण धरून ठेवत असेल तर लांबी बदलताना त्याचा हातभार आत येतो, आणि तो हातभार हिशेबात घ्यायला ताण गुणिले लांबी वजा करायची. दोन्ही विभव त्याच एका तारेचे. तार कशी बांधली आहे, एवढाच फरक.

"हे तं आमच्याकडे रोजचं हाय," यजमान म्हणाले. बहिणीची सकाळ वाया घालवल्याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि आता ते जरा मोकळे झाले होते. "मेन लाइनले तारेच्या टोकाले वजनं टांगलेली असतात, पुलीवरून. ऊन तापलं का वजनं खाली जातात, थंडीत वर येतात. ताण तोच. हात लावायचं काम नाही. यार्डात तशी वजनं नाही राहत. दोन्हीकडे बांधून टाकलं. तिथली उन्हाळ्यात लोंबते."

त्यांनी आम्हाला काही शिकवायला म्हणून हे सांगितलं नव्हतं. स्वतःची बाजू मांडत होते, की मी यार्डातल्या तारेला मेन लाइनची समजलो एवढंच. पण ताईनं ते लगेच उचललं. त्या क्षणापासून आमच्या घरात पहिल्या विभवाचं नाव यार्डवाला आणि दुसऱ्याचं मेन लाइनवाला.

जेवण झाल्यावर दोन्ही मांडण्या केल्या. यार्डवाल्याच्या वेळी यजमानांनी स्वतःहून दोन्ही हात पाठीमागे धरले. आकडा सरसर उतरला. ताण जवळजवळ निम्म्यावर आला आणि तार डोळ्यांना दिसेल इतकी ढिली झाली. ते तिच्याकडे न बघता आकाशाकडे बघत उभे राहिले. त्यांना किती जड जात होतं ते मलाच ठाऊक.

मेन लाइनवाल्यासाठी एक टोक यजमानांनी शोधून आणलेल्या पुलीवरून सोडलं. वजन म्हणून घरात नेमकं पाच किलोचं काही मिळेना. शेवटी मी चिन्नोरची, म्हणजे आमच्याकडच्या वासाच्या तांदळाची, बंद पिशवी आणली.

"चिन्नोर टांगता?" सासूबाई ताठ झाल्या. "दुसरा तांदूळ नोहोता घरात?"

"आई, बंद पिशवी तेवढीच आहे."

"एक दाणा सांडला तं तिघांले वेचाले लावीन."

पिशवीच्या बुडाशी मोजपट्टी उभी केली. बॅटरी जोडली. पिशवी हलली असं वाटलंही नाही. पण पट्टीवर पाहिलं तर ती खाली आली होती, चिन्नोरच्या एका दाण्याच्या लांबीएवढी. बॅटरी काढली, थोड्या वेळानं तेवढीच वर गेली. ताईनं सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. सासूबाईंनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच, माय."

"अन् एवढ्यावर पास करन थे बाई?"

"करन तं करन," ताई म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

सेमिनार बुधवारी होतं. मी अर्धी रजा टाकली. ऐकायला कुणीही बसू शकतं असं कॉलेजनं सांगितलं होतं, म्हणून शेवटच्या बाकावर बसले. परीक्षक मॅडम बाहेरगावच्या, साठीला टेकलेल्या, आवाज हळू. ताईनं आधी विचारून घेतलं, मराठीत बोललं तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, "समजलेलं असेल तर कुठल्याही भाषेत चालेल."

ताईनं फळ्यावर दोन तारा काढल्या. एकीची दोन्ही टोकं बांधलेली, दुसरीला वजन. मग एकेक समीकरण, आणि प्रत्येक समीकरणानंतर फळ्याला पाठ करून बोटानं हवेत. आवाज वर्गात शिकवतानाचा होता. मध्येच ती म्हणून गेली, "इथं यार्डवाला विभव घ्यायचा," आणि जीभ चावली. मॅडमनी मान वर केली.

"कोणता?"

ताईनं सांगितलं. यार्ड, मेन लाइन, वजनं. दादाचं मात्र सांगितलं नाही. मॅडमनी फळ्यावरच्या वजनाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढे चला."

शेवटी प्रश्न. मॅडमनी एकच विचारला, पण त्याला फांद्या होत्या.

"ही तार झटकन ताणली, बाहेरून उष्णता आत यायला वेळच दिला नाही. तर तापमानाचं काय होईल?"

हे ताईच्या तयारीत नव्हतं. रविवारी आम्ही इथवर पोचलोच नव्हतो. ती फळ्याकडे वळली. मग यार्डवाल्या तारेखाली एक ओळ लिहिली, ती खोडली, नव्या दोन लिहिल्या. आणि वळून बोलायला लागली.

"लांबी धरून ठेवली आणि तापवली तर ताण उतरतो. या विभवावरून असं निघतं की मग तेच तापमान ठेवून तार लांबवली तर तिची एन्ट्रॉपी वाढायला पाहिजे. आता झटकन ताणली तर एकूण एन्ट्रॉपी वाढू शकत नाही, कारण उष्णता आली नाही. लांबीमुळे एक भाग वाढला, तर तापमानाकडून तेवढा कमी व्हायला पाहिजे. म्हणजे तार थंड होईल."

"किती?"

तिनं कोपऱ्यात आकडेमोड केली. "चांगली जोरात ताणली तरी अंशाचा दहावा भाग, मॅडम. त्याच्या आसपास."

"तुम्ही पाहिलंय हे?"

गच्चीवर प्रयोग केल्याचं ती आधीच सांगून बसली होती. हो म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. आणि सबंध एम.एस्सी. त्या एका उत्तराच्या पलीकडे होतं.

"नाही मॅडम. नाही पाहिलं."

"मग हे खरं कशावरून?"

"तापल्यावर तार ढिली होते ते मी पाहिलंय. रविवारीच पाहिलं, डोळ्यांनी. ते खरं असेल तर हे खरंच असलं पाहिजे, मध्ये दुसरी वाट नाही. हे खोटं निघालं तर ढिली होते तेच खोटं म्हणावं लागेल, नाहीतर नियम तरी."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फळ्यावरच्या त्या दोन ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, असं मला वाटलं. मग त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाल्या, "बसा."

मला ऊष्मागतिकी तोवर रूक्ष वाटायची. त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून जे पाहिलं त्यानं मला थक्क केलं. लोंबलेली तार कुणालाही दिसते. रेल्वे पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस ती पाहतो. तेवढ्या एका दिसणाऱ्या गोष्टीवरून, चार अक्षरांच्या मदतीनं, न दिसलेल्या एका बारीक गारव्यापर्यंत पोचता येतं. आणि आमची ताई तिथं उभ्या उभ्या पोचली. पोचल्यावर पाहिलं नाही ते पाहिलं म्हणाली नाही. माझ्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या आहेत.

बाहेर पडताना मॅडम जिन्यात भेटल्या. ताईनं नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "ते मोजून पाहा. आणि दिसलं नाही तरी कळवा."

निकाल लागला तेव्हा ताई शाळेत होती, म्हणून यादीतला तिचा नंबर मी पाहिला. पास. फोन केला तर तिनं मला तो नंबर पुन्हा वाचायला लावला. मुख्याध्यापकांनी शब्द पाळला. नाव गेलं, आणि जूनपासून ती अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते आहे. शनिवारची बस आता ती दर आठवड्याला धरत नाही, पण महिन्यातून एकदा येते.

मोजायचं मात्र बाकी आहे. मे महिन्यात आम्ही प्रयत्न केला. दोन वेगळ्या धातूंच्या बारीक तारा पिळून त्यांचा सांधा पोलादी तारेला बांधला आणि माझ्या शाळेतलं गॅल्व्हानोमीटर जोडलं, म्हणजे सांध्याचं तापमान बदललं की सुई हलेल. यजमानांनी तार झटकन ताणली, त्यांना त्यात फार समाधान वाटलं. सुई हलली. पण गच्चीवर वारं आलं की ती त्याहून जास्त हलते, त्यामुळे ताईनं ते मोजमाप धरलं नाही. गच्चीवर हे होणार नाही, बंद खोलीत करायला हवं, असं ठरलं. मधली खोली रिकामी करायची, समोरासमोरच्या भिंतींत दोन पक्के हुक बसवायचे, तारेवर वाऱ्यापासून आडोसा म्हणून प्लास्टिकची नळी चढवायची. नळी आणून ठेवली आहे. हुकही आणले आहेत. भिंतीला भोकं पाडायला सासूबाई दिवाळीच्या रंगाआधी हो म्हणाल्या होत्या. रंग होऊन गेला, आता त्या नाही म्हणतात. त्यांच्याशी बोलायचं राहिलं आहे.